वरिष्ठांचा शब्द आणि ऐच्छिक वर्गणी

अमेरिकेच्या सरकारी कार्यालयांत आणि लष्करी तळांवर दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास धर्मादाय वर्गणीची एक मोठी मोहीम सुरू होते आणि साधारणपणे जानेवारीपर्यंत चालते. तिचे नाव कंबाइन्ड फेडरल कॅम्पेन, बोलण्यात सीएफसी. केंद्र सरकारचे मुलकी कर्मचारी, टपाल खात्यातील लोक आणि सैन्यदलांतील स्त्री-पुरुष यांच्याकडून या एकाच मोहिमेतून हजारो धर्मादाय संस्थांसाठी पैसे जमतात. कोणत्या संस्थेला किती द्यायचे हे देणाऱ्याने ठरवायचे, रक्कम हप्त्याहप्त्याने पगारातून कापून घेतली जाते, आणि काहीच न देण्याचीही पूर्ण मुभा असते. नियम असे सांगतात. पण वर्गणीचा विषय काढणारा माणूस जेव्हा आपली रजा मंजूर करणारा, पहाऱ्याच्या पाळ्या लावणारा आणि बढतीची शिफारस करणारा असतो, तेव्हा ही मुभा कितपत उरते? सैन्यातील सर्वांत खालच्या पायरीवरच्या सैनिकांपुढे हा प्रश्न वर्षानुवर्षे उभा आहे.

मोहिमेचा जन्म

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकी सरकारी कचेऱ्यांतील वर्गणीला काही धरबंध नव्हता. एका संस्थेची पेटी फिरून जाते न जाते तोच दुसरीचे लोक हजर होत. खात्यांना आणि माणसांनाही इष्टांक ठरवून दिले जात, वरिष्ठ ते पुरे करून घेण्यासाठी दबाव आणत, आणि आपला पैसा अमुक संस्थेलाच जावा असे सांगण्याची सोय देणाऱ्याला नसे. एवढा खटाटोप करूनही जमणारी रक्कम बेताचीच असे. पुष्कळ कर्मचारी खिशातली चिल्लर टाकून मोकळे होत. संस्था, खाती आणि कर्मचारी असे तिघेही या पद्धतीवर नाराज होते.

अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत १९५७ मध्ये या कारभाराला शिस्त लावण्यासाठी अध्यक्षीय समिती नेमली गेली. त्यानंतर १८ मार्च १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी काढलेल्या आदेशाने ही जबाबदारी मुलकी सेवा आयोगाकडे आली. तरीही वर्षातून अनेकदा वेगवेगळ्या मोहिमा होतच होत्या. त्या एकत्र करण्याचा प्रयोग १९६४ मध्ये सहा शहरांत झाला. वर्षातून एकदाच मागायचे आणि रोख घेण्याऐवजी पगारातून कापून घ्यायचे, या दोन बदलांनी देणग्या चांगल्याच वाढल्या. १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या काळात हीच पद्धत सर्व केंद्रीय खात्यांना लागू झाली. १९७९ पासून मुलकी सेवा आयोगाच्या जागी आलेले मनुष्यबळ कार्यालय ही मोहीम चालवते, आणि १९८२ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी काढलेला आदेश आजच्या नियमांचा पाया आहे.

मोहिमेने केलेले काम मोठे आहे. आजवर ८०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम तिच्यातून उभी राहिली. २००९ मध्ये एका वर्षातली सर्वाधिक, म्हणजे सुमारे २८ कोटी २६ लाख डॉलरची वर्गणी जमली. पुढच्या दशकात हा आकडा निम्म्याहून खाली आला. रुग्णालये, अनाथाश्रम, संशोधन संस्था, आपद्ग्रस्तांना मदत करणाऱ्या संघटना अशा अनेकांच्या अंदाजपत्रकात या पैशाला स्थान आहे. त्यामुळे मोहिमेच्या हेतूबद्दल वाद नाही. वाद आहे तो मागण्याच्या रीतीबद्दल.

लष्करात फरक कुठे पडतो

मुलकी कचेरीतल्या कारकुनालाही साहेबाची भीती वाटू शकते. पण संध्याकाळी तो घरी जातो, नको वाटले तर राजीनामा देतो. सैनिकाला हे दोन्ही मार्ग नाहीत. त्याने ठरावीक वर्षांच्या कराराने नोकरी पत्करलेली असते आणि ती अर्ध्यावर सोडून जाणे हा गुन्हा असतो. आईवडिलांच्या संमतीने १७ व्या वर्षीही भरती होता येते. नवखे सैनिक बहुधा तळावरच्या बराकीत राहतात. उठण्याची वेळ, खोलीची तपासणी, कवायत, शनिवार-रविवारची सुट्टी, रात्रीचा पहारा हे सारे सार्जंट आणि त्याच्यावरचे अधिकारी ठरवतात.

या अधिकाराला कायद्याचे पाठबळ आहे. १९५० मध्ये संमत झालेल्या लष्करी न्यायसंहितेप्रमाणे वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडणे हा शिक्षापात्र अपराध आहे. किरकोळ गैरवर्तनासाठी कमांडर खटला न चालवताही पगारकपात, जादा काम किंवा पदावनती अशी शिक्षा देऊ शकतो. वर्गणीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. हुकूम कायदेशीर ठरण्यासाठी त्याचा लष्करी कर्तव्याशी संबंध असावा लागतो. स्वतःच्या पगारातले पैसे धर्मादाय संस्थेला देण्याचा हुकूम त्यात बसत नाही, आणि तो न पाळणे हा गुन्हा नाही. परंतु प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून ‘सांगितले की करायचे’ हेच ज्याच्या अंगी बाणवले आहे, त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने सार्जंटच्या विनंतीत आणि हुकमात फरक करावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. शिवाय तो फरक सार्जंटच्या आवाजातून नेहमी कळतोच असे नाही.

पैशाची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. अमेरिकी सैन्यात शिपायापासून वरच्या पदांना ई-१, ई-२ असे क्रमांक आहेत. २०२४ मध्ये चार महिन्यांहून अधिक सेवा झालेल्या ई-१ सैनिकाचे मूळ वेतन महिन्याला सुमारे २,०१७ डॉलर होते. अविवाहित सैनिकाची बराकीत राहण्या-जेवण्याची सोय होते, पण घरी पैसे पाठवणारे, मोटारीचे हप्ते भरणारे, लहान वयात संसार मांडलेले असे अनेक जण या पायरीवर असतात. खालच्या पदांवरील कुटुंबांची ओढाताण पाहून अमेरिकी काँग्रेसने २०२५ साठी ई-१ ते ई-४ या पदांना एकूण साडेचौदा टक्के पगारवाढ दिली. दरमहा पाच-दहा डॉलरची कपात कर्नलच्या लक्षातही येत नाही. ई-१ सैनिकाला ती महिनाअखेरीस जाणवते.

नियम काय म्हणतात

दबावाचा धोका कोणाच्या ध्यानातच आला नाही, असे नव्हे. सीएफसीच्या नियमावलीत दबाव रोखण्यासाठी स्वतंत्र कलम आहे. द्यायचे की नाही आणि दिले तर ते जाहीर करायचे की गुप्त ठेवायचे, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य देणाऱ्याला असलेच पाहिजे. ते नाही असा नुसता आभास निर्माण करणेही गैर आहे, असे हे कलम बजावते.

पुढे निषिद्ध गोष्टींची यादी येते. वरिष्ठाने, किंवा हुकमाच्या साखळीत वर असलेल्या कोणीही, हाताखालच्या माणसाकडे वर्गणी मागायची नाही. कोणी दिली, कोणी नाही, किती दिली याची चौकशी करायची नाही. वरिष्ठाला मोठ्या तुकडीचा एकत्रित आकडा तेवढा कळू शकतो. शंभर टक्के लोकांनी वर्गणी द्यावी असे उद्दिष्ट ठेवायचे नाही. माणशी इतके डॉलर असा इष्टांक लावायचा नाही. न देणाऱ्यांची यादी करायची नाही. आणि तुकडीने किती वर्गणी दिली यावरून तिच्या प्रमुखाच्या कामाचे मूल्यमापन करायचे नाही. खातेप्रमुखाने मोहिमेचे उद्घाटन करावे, पत्रकातून पाठिंबा द्यावा, एवढी मोकळीक आहे.

संरक्षण खात्याची आचारसंहिताही हाताखालच्या व्यक्तीकडे जातीने पैसे मागण्यास मनाई करते. भूदलाचे नियम आणखी तपशिलात जातात. ज्याने वर्गणी दिली नाही त्याला पुन्हापुन्हा बैठकांना बोलावणे किंवा समुपदेशनाच्या नावाखाली समोर बसवणे चालत नाही. वर्गणी देणाऱ्याला खास सुट्टी, रजेची सवलत किंवा गणवेशाऐवजी साधे कपडे घालण्याची परवानगी अशी आमिषे दाखवणेही चालत नाही. नियमात एखादी गोष्ट इतक्या नेमकेपणाने लिहिली जाते, ती बहुधा कुठेतरी घडून गेलेली असते म्हणूनच.

या साऱ्या तरतुदींचा मथितार्थ तीन प्रश्नांत येतो. मागतो कोण? उत्तर कोणाला कळते? आणि मोजले काय जाते? ही तिन्ही उत्तरे हुकमाच्या साखळीबाहेर राहिली तर वर्गणी ऐच्छिक राहते. एक जरी साखळीत शिरले तरी दबाव सुरू होतो.

नियम असूनही दबाव कसा येतो

मोहिमेसाठी प्रत्येक तुकडीत एक प्रतिनिधी नेमला जातो. सर्वांना भेटून माहिती द्यायची, अर्ज वाटायचे आणि भरलेले अर्ज पुढे पाठवायचे, हे त्याचे काम. हा प्रतिनिधी हुद्द्याने बरोबरीचा असावा अशी अपेक्षा आहे. पण प्लाटूनमध्ये सर्वांना एकत्र गाठण्याची सोपी जागा म्हणजे सकाळची हजेरी, आणि सर्वांचे लक्ष वेधून घेणारा सोपा आवाज म्हणजे सार्जंटचा. प्रतिनिधी स्वतः सार्जंट असला, किंवा त्याच्या शेजारी सार्जंट उभा असला, की मागतो कोण या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलते.

दुसरी अडचण ‘शंभर टक्के संपर्क’ या उद्दिष्टातून येते. प्रत्येकापर्यंत मोहिमेची माहिती पोहोचावी, म्हणून असे उद्दिष्ट ठेवता येते. शंभर टक्के सहभागाचे उद्दिष्ट ठेवता येत नाही. कागदावर हा भेद स्वच्छ आहे, पण तुकडीपर्यंत येता येता तो पुसट होतो. संपर्क झाल्याचा पुरावा हवा म्हणून प्रत्येकाकडून अर्ज परत मागितला जातो. द्यायचे नसेल त्याने शून्य लिहावे, असे सांगितले जाते. वरवर यात काही वावगे दिसत नाही. पण ते शून्य ज्याच्या हाती द्यायचे, तोच उद्या पहाऱ्याच्या पाळ्या लावणार असेल, तर सैनिकाचे गुपित तिथेच संपते. बंद पाकीट, थेट नोंदणी अशा सोयी यासाठीच केलेल्या असतात. त्या डावलल्या की उत्तर नको त्या माणसाला कळते.

तिसरी अडचण मोजमापाची. लष्करात सगळेच मोजले जाते: धावण्याची वेळ, नेमबाजीचे गुण, वाहनांची सज्जता. आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक कंपनीच्या वर्गणीचा आकडाही पडद्यावर आला, की तोही कामगिरीचा भाग होऊन बसतो. बटालियनचा कमांडर कोणाला एक शब्द बोलत नाही; फक्त विचारतो, अमुक कंपनी मागे का? कॅप्टन तो प्रश्न कंपनीच्या मुख्य सार्जंटकडे नेतो, तो प्लाटूनच्या सार्जंटांकडे, आणि एकेक पायरी उतरताना त्याची धार वाढत जाते. शेवटी कोणीतरी सैनिकाला म्हणतो, एक डॉलर तरी लिही म्हणजे विषय मिटेल. वरच्या कोणालाही आपण जबरदस्ती केली असे वाटत नाही. खालच्या सैनिकापुढे मात्र निवड उरलेली नसते.

बक्षिसे आणि छोट्या शिक्षाही याच वाटेने येतात. सर्वांनी अर्ज भरले तर शुक्रवारी लवकर सुटी. नाहीतर सगळी तुकडी थांबून राहील. अशा अटीत वरिष्ठाला काही बोलावेच लागत नाही. एका न देणाऱ्यामुळे सगळे अडकले की सोबतीच त्याला घेरतात. ज्यांच्या भरवशावर उद्या जीव धोक्यात घालायचा, त्यांच्या नजरेत उतरण्यापेक्षा पैसे देऊन टाकणे कोणालाही सोपे वाटेल. असा एकगठ्ठा लाभ किंवा शिक्षा नियमाच्या हेतूला उघड छेद देते.

सैन्याच्या स्वतःच्या मदतसंस्था

सीएफसीच्या जोडीला प्रत्येक दलाची स्वतःची मदतसंस्था आहे आणि तिचीही वार्षिक वर्गणी असते. नौदलाची मदतसंस्था सर्वांत जुनी. लष्कर आणि नौदल यांच्यातील १९०३ च्या फुटबॉल सामन्याच्या उत्पन्नातून १९०४ मध्ये ती उभी राहिली. भूदलासाठी आर्मी इमर्जन्सी रिलीफ आणि हवाई दलासाठी एअर फोर्स एड सोसायटी या संस्था १९४२ मध्ये निघाल्या. मोटार बंद पडली, घरी कोणी दगावले म्हणून तातडीने विमानाचे तिकीट हवे, घरभाड्याला पैसे कमी पडले, अशा वेळी या संस्था बिनव्याजी कर्ज किंवा अनुदान देतात. त्यांचा सर्वाधिक आधार कनिष्ठ सैनिकांनाच असतो. सावकारी दराने कर्ज देणाऱ्या दुकानांपासून त्यांनी असंख्य सैनिकांना वाचवले आहे.

म्हणूनच इथला दबाव अधिक नाजूक ठरतो. ‘आपल्याच माणसांसाठी’ या शब्दांपुढे नकार देणे सीएफसीपेक्षाही अवघड. फेब्रुवारी २००९ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आर्मी इमर्जन्सी रिलीफच्या कारभाराचा दीर्घ शोध प्रसिद्ध केला. २००३ ते २००७ या काळात, म्हणजे इराक आणि अफगाणिस्तानची युद्धे चालू असताना, संस्थेने ११ कोटी ७० लाख डॉलर गंगाजळीत टाकले आणि थेट मदतीवर ६ कोटी ४० लाख डॉलर खर्च केले, असे त्यात दाखवले होते. वर्गणीसाठी वरिष्ठ सैनिकांवर दबाव आणतात आणि कर्जाच्या वसुलीसाठी बढत्या-बदल्या अडवल्या जातात, अशा तक्रारीही त्यात होत्या. अडचणीच्या दिवसांसाठी मोठा निधी राखून ठेवणे आवश्यक आहे, अशी बाजू संस्थेने मांडली. निधी किती राखावा याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण एकच वरिष्ठ अधिकारयंत्रणा वर्गणी मागते, कर्जाच्या अर्जावर शेरा मारते आणि वसुलीही पाहते, तेव्हा कनिष्ठ सैनिकाला नकार देण्याचे बळ कोठून येणार?

दाद कुठे मागायची

दबाव आला तर सैनिकाला काही मार्ग खुले आहेत. तुकडीत किंवा तळावर नीतिविषयक सल्ला देणारे लष्करी वकील असतात. अनेकदा त्यांनी कमांडरला केलेला एक दूरध्वनी पुरतो, कारण पुष्कळ अधिकाऱ्यांना नियमाची बारकाई ठाऊकच नसते. इन्स्पेक्टर जनरलच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. लष्करी न्यायसंहितेच्या १३८ व्या कलमाखाली स्वतःच्या कमांडरविरुद्धही रीतसर दाद मागता येते. काँग्रेसच्या सदस्याकडे किंवा इन्स्पेक्टर जनरलकडे तक्रार केली म्हणून सूड उगवणे १९८८ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तळावरच्या धर्मगुरूशी मनमोकळे बोलता येते आणि ते बोलणे गुप्त राहते.

हे सगळे मार्ग असूनही दहा डॉलरसाठी तक्रारीची पायरी चढणारा सैनिक विरळा. रकमेच्या मानाने तक्रार मोठी वाटते आणि तक्रारखोर हा शिक्का नोकरीभर पुरतो. त्यामुळे तक्रारी थोड्या आहेत, म्हणजे दबाव थोडा आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. बंदोबस्त आधीच झाला पाहिजे, आणि ती जबाबदारी अधिकाऱ्यांची आहे.

काही बदलांनी हा बंदोबस्त सुकर केला आहे. २०१७ पासून सीएफसीच्या देणग्यांचा बराच व्यवहार केंद्रीय संगणकीय व्यवस्थेतून होतो. सैनिक स्वतःच्या फोनवरून हवी ती संस्था निवडून देणगी देऊ शकतो किंवा काही न करता पान बंद करू शकतो. मधला हात गळतो. पैशाऐवजी स्वयंसेवेचे तास देण्याचीही सोय झाली आहे. तिच्यामुळे ज्याच्या खिशात काही नाही त्यालाही सन्मानाने सहभागी होता येते. मात्र संगणकावरची नोंदणी सार्जंटच्या टेबलावर, त्याच्या देखत करायला लावली, तर ही सोय व्यर्थ ठरते.

भारतातला एक दाखला

‘नाही’ म्हणणाऱ्याला ते लिहून द्यायला लावणे म्हणजे काय, याचा विचार भारतीय न्यायालयांतही झाला आहे. २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार मदतनिधीला देण्याचे आवाहन केले. द्यायचा नसेल त्याने तसे लेखी कळवावे, अशी अट त्या आदेशात होती. ही अट कर्मचाऱ्याला अपमानास्पद ठरते, असा आक्षेप घेतला गेला. केरळ उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या स्थगितीत हस्तक्षेप केला नाही. पुराची आपत्ती खरी होती आणि मदतीची गरजही खरी होती. तरीही न देणाऱ्याने आपले नाव पुढे करावे, ही अपेक्षा न्यायालयांत टिकली नाही. अमेरिकी प्लाटूनमध्ये शून्य लिहिलेला अर्ज परत मागणे आणि केरळमधले नकारपत्र या एकाच जातीच्या गोष्टी आहेत.

नुकसान कोणाचे

सक्तीच्या वर्गणीत सर्वांत आधी सैनिकाचे पैसे जातात, पण नुकसान तिथे थांबत नाही. ज्याला पहिल्या वर्षी दडपून द्यायला लावले, तो पुढे मोकळेपणी देईल ही शक्यता मावळते, आणि धर्मादाय संस्था आयुष्यभराचा एक दाता गमावते. कमांडरला दिसणारा आकडा फुगतो, पण आपल्या माणसांच्या मनात काय आहे ते त्याला कळेनासे होते. सर्वांत मोठी हानी विश्वासाची. वरिष्ठ आपला अधिकार फक्त कर्तव्यासाठी वापरतो, या खात्रीवर सैनिक धोक्याच्या क्षणी त्याचा शब्द झेलतो. तो अधिकार वर्गणीसाठी खर्च झाला तर तेवढ्याने ती खात्री उणी होते.

चांगल्या कमांडरला करण्यासारखे फार थोडे आहे आणि ते अवघड नाही. मोहिमेची माहिती एकदा, स्पष्ट शब्दांत द्यावी आणि न देण्याचे स्वातंत्र्यही त्याच दमात सांगावे. प्रतिनिधी सैनिकांच्या बरोबरीचा नेमावा. अर्ज कधीही आपल्या हाती घेऊ नये. बैठकीत वर्गणीचे आकडे वाचू देऊ नयेत. सुटी आणि शिक्षा यांचा वर्गणीशी संबंध जोडणाऱ्या सार्जंटला तिथल्या तिथे थांबवावे. ज्या तुकडीत वर्गणी न देणारा सैनिक कोण हे कोणालाच ठाऊक नसते, त्या तुकडीतूनच आलेल्या पैशाला दान म्हणता येते.